पंधरा मते, एक उमेदवार

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातील एका मराठी शाळेच्या सुधारणा समितीची तीन वर्षांची मुदत संपली. या समितीत काम केलेले एक पालक बसस्थानकावर भेटले आणि संकोचाने म्हणाले, ‘‘सर, पुन्हा नाव द्यावे की थांबावे? एकदा मते मागितली ती ठीक. दुसऱ्यांदा मागताना लाज वाटते. लोक म्हणतील, याला खुर्चीची चटक लागली.’’ त्यांना मी इंग्लंडमधील दीडशे वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगू लागलो. पण गाडी आली आणि ती अर्धीच राहिली. उरलेली हकिकत येथे लिहीत आहे. सीमाभागातील वाचकांना ती दूरदेशीची वाटण्याचा संभव आहे. तरीही थोड्या लोकांनी आपल्या मुलांच्या शाळेच्या कारभारात आपला माणूस कसा पाठवावा आणि पाठवलेला माणूस तेथे कसा टिकवावा, हाच तिचा विषय असल्यामुळे ती आपल्याला अगदीच परकी नाही.

इंग्लंड आणि वेल्स यांसाठीचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा ९ ऑगस्ट १८७० रोजी संमत झाला. तो मांडणाऱ्या विल्यम फॉर्स्टर यांच्या नावानेच तो ओळखला जातो. तोपर्यंत गोरगरिबांच्या मुलांच्या बहुतेक शाळा चर्चच्या किंवा अन्य धर्मसंस्थांच्या होत्या. जेथे अशा शाळा अपुऱ्या पडतील तेथे लोकांनी निवडलेले स्कूल बोर्ड स्थापावे, त्या बोर्डाने कर बसवून शाळा बांधाव्यात आणि चालवाव्यात, अशी तरतूद या कायद्याने केली. बोर्डावर पाच ते पंधरा सभासद असत. लंडनचे बोर्ड मात्र मोठे, पहिल्या खेपेस ४९ सभासदांचे होते. मुदत तीन वर्षांची. म्हणजे निवडून आलेल्याला काम समजते न समजते तोच पुन्हा लोकांपुढे उभे राहावे लागे.

कायद्यातील दोन गोष्टी त्या काळाच्या मानाने विलक्षण होत्या. पहिली अशी, की या बोर्डावर स्त्रियांना निवडून येता येत असे. पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांना मत देण्याचाही अधिकार नव्हता. पण येथे करदात्या स्त्रीला मत होते आणि कोणत्याही स्त्रीला उमेदवारी होती. दुसरी गोष्ट मतदानाच्या पद्धतीची. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती त्याने वाटेल तशी वाटावीत, अशी मोकळीक होती. पंधरा जागा असतील तर पंधरा उमेदवारांना एकेक मत द्यावे, पाच जणांना तीन-तीन द्यावीत, किंवा सगळीच्या सगळी पंधरा मते एकाच माणसाच्या पारड्यात टाकावीत. हीच संचयी मतदानाची पद्धत होय.

हिचे गणित सोपे आहे, पण ते नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढील हकिकत कळणार नाही. पंधरा जागांसाठी निवडणूक आहे. एकूण मतांचा सोळावा हिस्सा, म्हणजे शेकडा सव्वासहा, याहून अधिक मते ज्याला पडली तो काही झाले तरी हरू शकत नाही. कारण त्याच्याइतकी मते मिळवणारे आणखी पंधरा जण निघायला मतेच उरत नाहीत. म्हणून गावात शंभरात सात माणसे जरी एका विचाराची असली आणि त्यांनी आपली सगळी मते एकाच नावावर ओतली, तर त्यांचा एक माणूस बोर्डावर जातोच. नेहमीच्या बहुमताच्या पद्धतीत या सात जणांना पन्नास वर्षे निवडणुका लढवूनही एक जागा मिळणार नाही. कॅथलिक, ज्यू, चर्चला न जुमानणारे छोटे पंथ, कामगार आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारे गट, या सर्वांना बोर्डाची दारे उघडली ती या गणिताने.

आणि बहुसंख्यांना धडा मिळाला तोही याच गणिताने. बर्मिंगहॅम हे शहर तेव्हा उदारमतवाद्यांचा बालेकिल्ला होते. धर्मनिरपेक्ष, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणारा नॅशनल एज्युकेशन लीग १८६९ मध्ये तेथेच स्थापन झाला होता. जोसेफ चेंबरलेन, जॉर्ज डिक्सन, धर्मोपदेशक आर. डब्ल्यू. डेल आणि जॉर्ज डॉसन अशी नामांकित मंडळी त्यात होती. १८६८ च्या पार्लमेंटच्या निवडणुकीत शहरातील तीनही जागा त्यांनी जिंकल्या होत्या, त्याही मतदाराला तीन जागांसाठी दोनच मते असताना. कोणत्या भागातील मतदाराने कोणत्या दोघांना मत द्यायचे हे पक्षाने ठरवून दिले आणि लोकांनी ते निमूटपणे पाळले. हे जमले तर काहीही जमेल, असा समज होणे स्वाभाविक होते. नोव्हेंबर १८७० मध्ये बोर्डाची पहिली निवडणूक आली तेव्हा त्यांनी पंधरा जागांसाठी पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले.

चर्चच्या पक्षाने आठच उभे केले. कॅथलिकांनी एकच.

निकाल लागला तेव्हा चर्चचे आठही निवडून आले, कॅथलिक धर्मगुरूही आला आणि उदारमतवाद्यांच्या पंधरांपैकी सहाच आले. शहरात मते अधिक त्यांची, बोर्डात बहुमत मात्र प्रतिपक्षाचे. हे कसे घडले ते समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. शंभर मतांपैकी साठ उदारमतवाद्यांची धरली आणि ती पंधरा जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला चार पडतात. चौतीस मते चर्चची धरून आठांत वाटली, तर प्रत्येकी सव्वाचार. उरलेली सहा एकट्या कॅथलिकाला. आठ अधिक एक नऊ जण वर गेले. राहिलेल्या सहा जागा पंधरांनी आपसांत वाटून घ्यायच्या. साठ टक्के मतांचे हे फळ! आपल्याकडे निवडणुकीनंतर चावडीवर बसून लोक बोटे मोडीत असतात की, मते आपलीच जास्त होती. त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. फाटाफूट केवळ बंडखोरीमुळे होते असे आपण समजतो. बर्मिंगहॅममध्ये एकही बंडखोर नव्हता. सर्व पंधरा अधिकृत उमेदवार होते, शिस्तीचे होते, एकाच व्यासपीठावरून बोलत होते. फाटाफूट झाली ती हावरेपणाने.

पुढची तीन वर्षे बोर्डात जे चालले ते शाळांपेक्षा पंचविसाव्या कलमाविषयी अधिक होते. ज्या गरीब पालकांना फी परवडत नाही त्यांची फी बोर्डाने कराच्या पैशातून भरावी, आणि ती मुले धर्मसंस्थेच्या शाळेत जात असली तरी भरावी, अशी मुभा या कलमाने दिली होती. चर्चच्या बहुमताने तसे करण्याचे ठरवले. ज्या पंथाचे शिक्षण आम्हाला मान्य नाही त्यासाठी आमच्याकडून कर का घेता, असा प्रश्न उदारमतवाद्यांनी केला. शहराची कौन्सिल त्यांच्या हाती होती. तिने बोर्डाला पैसे देण्यास नकार दिला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. रक्कम फार मोठी नव्हती, पण आपल्या पैशातून कोणाच्या शाळा चालाव्यात हा प्रश्न लोकांना रकमेपेक्षा नेहमीच मोठा वाटतो. ते आपल्याला कोणी सांगायला नको.

१८७३ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. या वेळी उदारमतवाद्यांनी पंधरा नव्हे, आठच उमेदवार दिले. पंधरांत बहुमताला आठ लागतात. आठच हवेत तर आठच उभे करावेत. पहिल्या बोर्डावरील ज्यांना पुन्हा उभे राहायचे होते त्यांच्यापुढे जी अडचण होती तिची कल्पना करावी. पक्षातील सात जणांना ‘तुम्ही थांबा’ असे सांगायचे, तेही मागल्या खेपेस त्यांनी आपल्याबरोबर पडून घेतले असताना. ते सांगितले गेले, ऐकले गेले, आणि प्रत्येक भागातील मतदाराला आपली पंधरा मते कोणत्या नावांवर कशी टाकायची ते घरोघर जाऊन समजावण्यात आले. आठही निवडून आले. चेंबरलेन बोर्डाचे अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात ते शहराचे महापौरही झाले. पंचविसाव्या कलमाखालचे पैसे बंद झाले. मात्र धर्मशिक्षण शाळेबाहेर ठेवण्याचा त्यांचा आग्रह फार काळ टिकला नाही. काही वर्षांतच भाष्याविना बायबल वाचण्याला त्यांना संमती द्यावी लागली. बहुमत मिळवणे वेगळे आणि पालकांचे मन वळवणे वेगळे.

बर्मिंगहॅमची गोष्ट पक्षाची आहे. मला अधिक मोलाच्या वाटतात त्या एकट्यादुकट्या उभ्या राहिलेल्या माणसांच्या गोष्टी, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया आहेत.

लंडनच्या पहिल्या निवडणुकीत मेरिलबोन विभागातून डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट यांना ४७,८५८ मते पडली. साऱ्या लंडनमध्ये इतकी मते कोणालाच पडली नव्हती. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर जे होते त्यांना १३,४९४ मते मिळाली आणि ते गृहस्थ होते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस निवडून आल्या. पण १८७३ मध्ये या दोघींपैकी कोणीही पुन्हा उभे राहिले नाही. गॅरेट यांचा विवाह झाला होता व दवाखान्याचे काम वाढले होते; डेव्हिस यांनी स्त्रियांच्या महाविद्यालयाला वाहून घेतले होते. हक्सले तर मुदत संपण्यापूर्वीच बाहेर पडले. मोठी माणसे एकदा येतात, नाव होते, रस्ता पडतो. तो रस्ता रुळता ठेवण्याचे काम मात्र दुसऱ्या प्रकारची माणसे करतात.

मँचेस्टरच्या लिडिया बेकर या त्या दुसऱ्या प्रकारच्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या त्या आधारस्तंभ होत्या आणि त्या विषयाचे नियतकालिक १८७० पासून चालवीत होत्या. त्याच वर्षी मँचेस्टरच्या पंधरा सभासदांच्या बोर्डावर त्या निवडून गेल्या. पुढे १८७३, १८७६, १८७९, १८८२, १८८५, १८८८ अशा प्रत्येक निवडणुकीत त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी निवडून आल्या. जुलै १८९० मध्ये जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले तेव्हाही त्या बोर्डाच्या सभासद होत्या. वीस वर्षे त्या एका जागेवर राहिल्या. त्यांच्यामागे चर्च नव्हते, पक्ष नव्हता. विखुरलेले, पण आपली पंधरा मते एकाच नावावर टाकण्याची तयारी असलेले मतदार होते.

वीस वर्षे त्यांनी केले काय? मुलींच्या वेळापत्रकाची राखण केली, असे एका वाक्यात सांगता येईल. सरकारी अनुदानाच्या नियमांनी मुलींना शिवणकाम सक्तीचे केले होते. ते तास गणितातून कापले जात आणि मग परीक्षक म्हणत की मुलींना गणित येत नाही. बेकर हे दर बैठकीत बोलून दाखवीत. मँचेस्टरच्या प्रत्येक मुलाला स्वतःचे मोजे रफू करता आले पाहिजेत आणि स्वतःचे जेवण रांधता आले पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे मत होते, आणि त्यावरून त्यांची टिंगलही झाली. पंधरांच्या बोर्डात एका मताने ठराव संमत होत नाहीत. पण ते एक मत खोलीत असले की वेळापत्रक गुपचूप बदलता येत नाही, आणि तीन वर्षांनी कोण काय बोलले याचा हिशेब मागणारे कोणीतरी असते.

लंडनमध्ये साउथवर्क विभागातून १८७६ मध्ये हेलन टेलर निवडून आल्या. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांची ही सावत्र मुलगी. त्यांचा भाग गरीब मजुरांचा. शाळेतील मुलांना दुपारचे जेवण आणि पायात घालायला मजबूत बूट त्या शिक्षकांमार्फत स्वतःच्या खर्चाने देत. १८७९ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. पुढे उनाड आणि निराधार मुलांसाठी चालविलेल्या सेंट पॉल औद्योगिक शाळेतील मुलांच्या हालअपेष्टांना त्यांनी वाचा फोडली. प्रकरण इतके वाढले की गृहमंत्र्यांनी ती शाळा बंद करविली. पण आरोप करताना टेलर यांनी बोर्डाच्याच औद्योगिक शाळा समितीच्या अध्यक्षांवर शब्द टाकले होते. त्या अध्यक्षांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून १८८२ मध्ये तो सुनावणीस आला आणि टेलर यांना एक हजार पौंड देऊन तडजोड करावी लागली. व्यक्तिगत आकस त्यांच्या मनात नव्हता, असे न्यायाधीशांनी म्हटले, पण पैसे गेले ते गेले.

त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी निवडणूक होती. घरी बसायला याहून चांगले कारण कोणाला मिळणार? दाव्यात हरलेली बाई, हजार पौंडांचा भुर्दंड, बोर्डातील अर्धी मंडळी तोंड फिरवून बसलेली. टेलर उभ्या राहिल्या आणि साउथवर्कच्या मतदारांनी त्यांना तिसऱ्यांदा बोर्डावर पाठवले. १८८४ मध्ये प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून त्या निवृत्त झाल्या.

पुन्हा निवडून येण्याच्या आड सर्वांत अधिक कोणती गोष्ट येई, तर कर. हा कर पौंडामागे तीन पेन्सच्या वर जाणार नाही, असा फॉर्स्टर यांचा अदमास होता. लंडनमध्ये तो पाहता पाहता कितीतरी पुढे गेला, आणि दर तीन वर्षांनी ‘उधळपट्टी थांबवा’ म्हणणाऱ्यांची एक फळी उभी राहू लागली. शाळांत पियानो कशाला हवा, इमारतींना एवढ्या मोठ्या खिडक्या कशाला हव्यात, मजुरांच्या मुलांना चित्रकला कशाला शिकवता, अशी टीका होई. सभासदाला उत्तर देता आले पाहिजे ते पियानोच्या किमतीचे. शिक्षणाच्या थोरवीवरील व्याख्यानाने काम भागत नसे.

१८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्स विभागातून पंधरा हजारांहून अधिक मते घेऊन पहिल्या क्रमांकाने निवडून आलेल्या अ‍ॅनी बेझंट यांनी उपाशी मुलांच्या जेवणाचा आणि मोफत शिक्षणाचा प्रश्न लावून धरला. १८९१ मध्ये बहुतेक प्राथमिक शाळांतील फी सरकारी अनुदानाने संपली. त्या मात्र दुसऱ्या मुदतीसाठी उभ्या राहिल्या नाहीत. थिऑसफीने त्यांना ओढले आणि १८९३ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. पुढे त्यांची होमरूल लीग आणि टिळकांची होमरूल लीग १९१६ मध्ये पाठोपाठ निघाल्या. टिळकांची लीग त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रांतिक परिषदेच्या वेळी निघाली ती आपल्या बेळगावातच, हे वाचकांना ठाऊक आहेच.

आता भाषेकडे वळतो, कारण या लेखमालेचा विषय तोच आहे. वेल्समध्ये हाच कायदा होता, हीच बोर्डे होती आणि हीच मते होती. वेल्श बोलणाऱ्या भागांत बोर्डावर वेल्श बोलणारेच बहुमताने निवडून येत. तेथे अल्पसंख्य असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही बोर्डाच्या शाळांत वेल्श शिकविली जात नव्हती. वर्गात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकविण्याची रीत काही शाळांत पुढेही चालू राहिली. याचे एक कारण पैशाचे. १८६२ पासून सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर मिळे, आणि परीक्षा इंग्रजी वाचन, लेखन व गणित यांची असे. वेल्श शिकविण्यात घातलेला तास म्हणजे बुडालेले अनुदान. दुसरे कारण सांगणे अधिक कठीण आहे. ज्या सभासदांनी घरी आणि प्रार्थनामंदिरात वेल्श प्राणपणाने जपली तेच सभासद आणि त्यांचे मतदार शाळेकडून इंग्रजीची अपेक्षा करीत होते. मुलाने खाणीबाहेर, गावाबाहेर जावे असे त्यांना वाटत होते. १८८५ मध्ये शाळांत वेल्शचा उपयोग व्हावा म्हणून एक संस्था निघाली. शाळातपासनीस डॅन आयझॅक डेव्हिस हे तिचे प्राण होते. तिने बोर्डांकडे जाण्यापूर्वी अनुदानाचे नियम बदलण्याचा प्रयत्न केला, आणि पुढील काही वर्षांत ते थोडे सैल झालेही. जागा जिंकलेली होती, पण तिची किल्ली लंडनच्या खात्यात होती, हे या लोकांना उशिरा का होईना कळले. सीमाभागातील आपल्या पालकांना दोष देण्याआधी वेल्समधील या पालकांची आठवण ठेवावी असे मला वाटते. ते आपल्या भाषेचे वैरी नव्हते.

स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या वेगळ्या कायद्याने बोर्डे आली. मतदानाची पद्धत तीच होती. गेलिक भाषेचा उल्लेख कायद्यात कोठेही नव्हता. एडिंबरोच्या बोर्डावर १८७३ मध्ये निवडून गेलेल्या फ्लोरा स्टीव्हन्सन पुढे प्रत्येक निवडणूक जिंकत राहिल्या, १९०० मध्ये अध्यक्ष झाल्या आणि १९०५ मध्ये त्या पदावर असतानाच वारल्या. गेलिक बोलणाऱ्या भागांत तिच्या अध्यापनाची पुरेशी सोय करावी, हे वाक्य कायद्यात येण्यासाठी १९१८ साल उजाडावे लागले. गंमत अशी, की ते वाक्य ज्या कायद्याने आले त्याच कायद्याने गावोगावची बोर्डे गेली.

इंग्लंडमधील बोर्डे त्याआधीच, १९०२ च्या कायद्याने मोडली होती. अडीच हजारांहून अधिक बोर्डांचा कारभार कौंटी आणि शहरांच्या कौन्सिलांकडे गेला. लंडनचे बोर्ड १९०४ पर्यंत टिकले. कारणे कारभाराच्या सोयीची दिली गेली आणि त्यांत तथ्यही होते, कारण दोन-तीन शाळांचे दुबळे बोर्ड धड शिक्षकही ठेवू शकत नव्हते. पण कौन्सिलांच्या निवडणुकीत संचयी मतदान नव्हते, आणि स्त्रियांना कौन्सिलांवर निवडून येण्याचा अधिकार १९०७ पर्यंत नव्हता. बत्तीस वर्षे लोकांच्या मतांनी निवडून येणाऱ्या स्त्रिया आता कौन्सिलच्या कृपेने समितीवर घेतल्या जाऊ लागल्या. निवडलेली आणि नेमलेली यांत काय अंतर असते, ते नियुक्त सभासदांच्या समित्या पाहिलेल्यांना विचारावे.

हे सारे आपल्यापर्यंत आले नाही असे नाही, तुकड्यातुकड्यांनी आले. रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला. त्याच १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले होते. शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यातली तक्रार पंचविसाव्या कलमावरील तक्रारीशी नाते सांगणारी आहे. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डे आली. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने येथील जुन्या लोकांच्या तोंडी ‘स्कूल बोर्डाची शाळा’ हा शब्द अजून आहे. परंतु ही बोर्डे पालकांनी वा करदात्यांनी थेट निवडलेली नव्हती; त्यांवरील माणसे लोकल बोर्ड किंवा नगरपालिका निवडीत असे. पंधरा मते एका नावावर टाकण्याची संधी येथल्या मतदाराला शाळेसाठी कधीच मिळाली नाही.

विधिमंडळासाठी मात्र एकदा मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतदान होते. डॉक्टर आंबेडकरांनी त्याचा आग्रह धरला होता, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या यशात त्या पद्धतीचा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर दुहेरी मतदारसंघ राहिले, पण मते एकवटण्याची मुभा गेली. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची; दोन्ही एकालाच दिली तर दुसरे बाद. १९५२ च्या जानेवारीत मुंबई शहर उत्तर या दुहेरी मतदारसंघात आंबेडकर सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्या निवडणुकीत बाद ठरलेल्या मतांची संख्या ७४ हजारांहून अधिक होती. मते मुद्दाम वाया घालविण्याचा प्रचार झाला, असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीस आव्हान दिले. १८७० मध्ये जे मत थोड्यांचे शस्त्र होते तेच मत, नियमातील एक ओळ बदलताच, कचऱ्याच्या टोपलीत गेले. १९६१ मध्ये दुहेरी मतदारसंघही गेले.

शेजारच्या गावातील त्या पालकांना मी हे सगळे परवा त्यांच्या अंगणात बसून सांगितले. बर्मिंगहॅमचे गणित त्यांना चटकन कळले. साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला ते वेगळे समजवावे लागत नाही. हेलन टेलर यांच्यापाशी ते थबकले. ‘‘हजार पौंड भरूनही उभ्या राहिल्या?’’ त्यांनी दोनदा विचारले. मग आत जाऊन एक वही घेऊन आले. समितीच्या तीन वर्षांच्या बैठकींना कोण हजर होते, माध्यान्ह आहाराच्या तांदळाची पोती किती आली, मराठी शिक्षकाची जागा रिकामी असल्याचे अर्ज कोणत्या तारखेला कोणाला दिले आणि त्यांतल्या किती अर्जांना पोच मिळाली, हे सर्व त्यांनी तारीखवार लिहून ठेवलेले होते. नाव द्यायचे की नाही ते अजून ठरलेले नाही, पण पालकांची सभा येत्या शनिवारी आहे आणि वही घेऊन तेथे जायचे त्यांनी ठरवले आहे.